अर्थिंग चोख हवेच, पण खरखर त्याने जात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की सांगली-साताऱ्याच्या सोसायट्यांमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यांत पाणी ओतण्याचे काम निघते. ज्या घराच्या गच्चीवर हौशी रेडिओची अँटेना आहे, तिथे त्याच फेरीत एक जुनी तक्रारही पुढे येते: हे रेडिओवर बोलायला लागले की आमचा स्पीकर गुरगुरतो. वायरमन येतो, ‘अर्थिंग कच्चं आहे’ म्हणतो, नवा खड्डा होतो आणि स्पीकर गुरगुरायचा तो गुरगुरतोच. रेडिओवालाही याच वाटेने जातो. शेजारच्या सौर इन्व्हर्टरमुळे ऐकू येणे बंद झाले की तो अंगणात आणखी एक सळई ठोकतो. यात पैसे जातात ते जातातच. पण ज्या अर्थिंगवर माणसाचा जीव अवलंबून आहे त्याची खरी तपासणी राहून जाते. म्हणून हे पत्र.

हौशी रेडिओ म्हणजे केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन, परवाना घेऊन चालवलेले घरगुती केंद्र. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला ५० वॅट आणि जनरल श्रेणीला ४०० वॅटपर्यंत शक्ती वापरता येते. कृष्णेला पूर येऊन वीज जाते, मोबाईल मनोऱ्यांच्या बॅटऱ्या उतरतात, तेव्हा १२ व्होल्टच्या बॅटरीवर आणि २० मीटर तारेवर चालणारे हे केंद्र बोलत राहू शकते. ते शांतपणे चालावे यात शेजाऱ्यांचाही फायदा आहे.

अर्थिंग या एका शब्दात तीन वेगळी कामे दडली आहेत. पहिले, उपकरणाच्या पत्र्यावर फेज आला तर वीज तोडणे. दुसरे, वीज कोसळली किंवा जवळपास पडली तर तो झोत घराबाहेरच जमिनीत जाऊ देणे. तिसरे, अँटेनाचा जो अर्धा भाग कमी पडतो तो भरून काढणे. पहिली दोन कामे जमिनीतल्या सळईची. तिसरे काम सळईचे नाहीच, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

आधी जीवाचे काम. आपल्याकडे वीज कंपनीकडून फेज आणि न्यूट्रल येतात, अर्थ बहुतेक घरांना स्वतःचा करावा लागतो. १६ मिमी जाडीची ३ मीटर सळई घ्या. शंभर ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत तिचा रोध सुमारे ३३ ओहम येतो. सांगलीच्या ओल्या काळ्या जमिनीत रोधकता दहाच्या आसपास असेल तर तीच सळई ३ ते ४ ओहम देते. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला मुरूम आणि खाली काळा पाषाण असेल तर तीनशे ओहमच्या वर जाते. आता हिशेब करा. २३० व्होल्टला ३३ ओहममधून जेमतेम ७ अँपियर वाहतात. १६ अँपियरचा एमसीबी त्यावर कधीच पडणार नाही, आणि रेडिओच्या, गिझरच्या पत्र्यावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब तसाच उभा राहील. म्हणजे खड्डा आहे, कोळसा-मीठ आहे, तरीही माणूस सुरक्षित नाही. मेन बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (जमिनीत गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवला की चित्र पालटते: ३३ ओहमवर तो पत्र्यावर १ व्होल्ट चढायच्या आत आणि तीनशे ओहमवर १० व्होल्टच्या आत वीज तोडतो. साताऱ्याच्या मुरमाड जागेत तर आरसीसीबीशिवाय अर्थिंगला अर्थच नाही. त्यावरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबावे. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला तर मात्र तोही वाचवत नाही.

काळ्या मातीची एक खोड ध्यानात ठेवायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत ती आक्रसते, भेगा पडतात आणि माती सळईपासून सुटते. ऑगस्टमध्ये ४ ओहम दाखवणारा खड्डा मेमध्ये कितीतरी पट वर जातो. म्हणून अर्थ टेस्टरने मोजणी उन्हाळ्यातच करावी आणि आकडा तारखेसह खड्ड्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला रंगाने लिहावा. टेस्टरच्या दोन खिळ्यांपैकी दूरचा सळईच्या खोलीच्या किमान पाच-सहा पट अंतरावर आणि मधला त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर ठोकावा. दोन्ही खिळे सळईला लागूनच ठोकले तर आकडा खोटाच येतो. मीठ दर पावसात वाहून जाते आणि जाताना जी.आय. पाइप खाऊन जाते. त्याऐवजी सळईभोवती बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती भरावी. ती ओल धरते आणि ओल असेपर्यंत सळईला चिकटून राहते. एका सळईने भागत नसेल तर दुसरी ठोकावी, पण दोघींत सळईच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर अंतर हवे. शेजारी शेजारी ठोकलेल्या दोन सळया एकीपेक्षा फारशा बऱ्या नसतात. मुरमात पहार थांबते तिथे सळईचा हट्ट सोडावा. अर्धा-पाऊण मीटर खोल चर खणून त्यात २५ × ६ मिमीची जी.आय. पट्टी १० ते १५ मीटर आडवी पुरावी. तांब्याची तार जी.आय.वर थेट आवळू नये, सांध्यात गंज धरतो. टिनचा मुलामा दिलेले थिंबल आणि स्टेनलेस स्टीलचा बोल्ट वापरावा. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याचे दिवस गेले, आता पाइप प्लास्टिकचे आहेत. गॅसच्या पाइपला तर कधीच जोडू नये.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या खुंटीला न्यूट्रलमधून तुकडा जोडलेला असतो. टेस्टर लावला तर सगळे ठीक दिसते. पण खांबावर किंवा मीटरजवळ न्यूट्रल तुटला, की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाचा पत्रा थेट फेजला जातो, आणि रेडिओच्या बाबतीत तर माइक, कोॲक्स केबल (अँटेनाकडे जाणारी, मधल्या तारेभोवती जाळी असलेली केबल) आणि गच्चीवरचा खांबसुद्धा. ओळखायचे असे: मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थमधला दाब पाहावा. गिझर किंवा इस्त्री चालू असताना तिथे एखाद-दोन व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे. भार टाकूनही काटेकोर शून्यच राहत असेल तर सॉकेट उघडून पाहावे. फेज आणि अर्थमध्ये शंभराचा बल्ब लावून बघण्याची पद्धत सोडून द्यावी. अर्थ तुटलेला असेल तर त्या बल्बमधून घरातल्या सगळ्या पत्र्यांवर फेज चढतो.

अर्थ मुळीच नसेल तर एसएमपीएसवर (कॉम्प्युटरसारख्या उपकरणांतल्या स्विचिंग पॉवर सप्लायवर) चालणाऱ्या उपकरणाच्या पत्र्यावर मल्टिमीटर ११०-११५ व्होल्ट दाखवतो, हात लावला की चुरचुरते. आतल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधला दाब निम्मा वाटून पत्र्याला देतात. प्रवाह क्षुल्लक असतो, माणसाला इजा होत नाही. पण कॉम्प्युटर आणि रेडिओ जोडताना हाच दाब यूएसबीच्या तारेतून धावतो आणि पोर्ट जळते. याला उपाय अर्थच.

आता तिसरे काम. सरळ तारेचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री. ५० हर्ट्झला त्याचा रोध नगण्य असतो. पण ७ मेगाहर्ट्झला, म्हणजे आपल्याकडच्या ४० मीटर पट्ट्यावर, तीच तार मीटरमागे ४४ ओहम अडथळा करते. पहिल्या मजल्यावरून खड्ड्यापर्यंत ७ मीटर तार गेली की किमान तीनशे ओहम झाले. खड्डा अर्ध्या ओहमचा असला तरी रेडिओला तो दिसतच नाही. १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी सव्वापाच मीटर होते. अर्थची तार नेमकी तेवढी भरली तर तिचे खालचे टोक जमिनीत असूनही रेडिओकडचे टोक मोकळे असल्यासारखे वागते. वर ती तार स्वतःच अँटेना होऊन भिंतीतल्या वायरिंगला लहरी वाटत जाते. दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाने चांगल्या ‘आरएफ ग्राउंड’साठी आणखी जाड तार ओढावी हा सल्ला म्हणूनच निरर्थक आहे. तांब्याची रुंद पट्टी थोडा फरक पाडते, अंतराचा दोष ती घालवत नाही.

मग माइकला ओठ लागताच चटका का बसतो? आवाज का फाटतो, रेडिओला हात लावला की एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली याचे माप) का बदलतो, यूएसबी मध्येच का तुटते? कोॲक्स केबलच्या जाळीच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून प्रवाह परत खोलीत येतो म्हणून. डायपोल म्हणजे मध्यावरून भरवलेली दोन हातांची तार; तिचे दोन्ही हात सारखे असतात. कोॲक्सची जाळी मात्र एका हाताला जोडलेली असते, आणि तिची बाहेरची बाजू हा नकळत तिसरा हात होतो. हा प्रवाह जिथे उगवतो तिथेच अडवायचा. ७.१ मेगाहर्ट्झच्या डायपोलचे प्रत्येकी १०-१० मीटरचे हात जिथे केबलला मिळतात, तिथे चोक, म्हणजे हा बाहेरचा प्रवाह अडवणारे वेटोळे, हवा. साहित्य असे: ६१ मिमी बाह्य व्यासाची, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाची फेराइट (लोहयुक्त चुंबकीय सिरॅमिक) रिंग आणि तिच्यावर आरजी-५८ किंवा त्याहून बारीक टेफ्लॉन केबलचे १२ वेढे. रिंगच्या भोकातून केबल जितक्यांदा जाते तितके वेढे मोजायचे. फोम इन्सुलेशनची केबल घेऊ नये, घट्ट वळवल्यावर मधली तार फोममधून सरकून जाळीला लागते. पन्नास-शंभर वॅटला एक रिंग पुरते. ४०० वॅटला दोन रिंगा एकत्र घ्याव्यात आणि पाच मिनिटे प्रक्षेपण केल्यावर हात लावून पाहावे. रिंग तापत असेल तर ती प्रवाह अडवत नाही, स्वतः पीत आहे, चोक आणखी मोठा करायला हवा. दुसरा तसाच चोक केबल घरात शिरते तिथे.

बाजारात मिळणारे क्लिपचे फेराइट एकदाच तारेवर चढवून काही होत नाही. ते मुख्यतः ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींसाठी असतात. शिवाय अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो: एका वेढ्याला एक, पाचांना पंचवीस, बारांना एकशे चव्वेचाळीस. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा तर फेराइटच नव्हेत. त्या लोखंडाच्या भुकटीच्या असतात आणि चोकच्या कामाला निरुपयोगी. दिसायला सारख्या म्हणून अनेकांची फसगत होते.

एका टोकाने भरवलेली लांब तार किंवा उभी अँटेना असेल तर तिला खरोखरच दुसरा अर्धा भाग लागतो. तो जमिनीत शोधू नये. ७.१ साठी १० मीटर, १४.२ साठी ५ मीटर, २१.२ साठी ३.३५ मीटर अशा इन्सुलेटेड तारा ट्यूनरच्या (अँटेना रेडिओशी जुळवणाऱ्या पेटीच्या) अर्थच्या स्क्रूला जोडून कडेकडेने पसराव्यात. तारेच्या मोकळ्या टोकाला प्रक्षेपणाच्या वेळी मोठा दाब असतो, तिथे चांगली टेप गुंडाळावी आणि मुलांचा हात पोहोचू देऊ नये.

शेजाऱ्याच्या स्पीकरचा प्रश्न याच विचाराने सुटतो. आधी आपल्या घरातला टीव्ही, दारावरची बेल, संगीत यंत्रणा, राउटर हे सगळे चालू ठेवून पूर्ण शक्तीने प्रक्षेपण करावे. आपले घर शांत असेल तर बोलण्याला वजन येते. मग शेजाऱ्यांच्या घरी दोघांनी मिळून पाहावे. स्पीकरची तार काढल्यावर आवाज थांबला तर लहर तारेतून शिरते आहे; त्या तारेचे १० वेढे ३१ क्रमांकाच्या रिंगवर गुंडाळून ॲम्प्लिफायरलगत ठेवावेत. अडॅप्टरच्या तारेचेही तसेच. डीटीएचच्या केबलवर जाळीच्या बाहेरून प्रवाह येतो, सेट टॉप बॉक्सपाशी त्याच प्रकारचा चोक घातला की भागते. प्रक्षेपकातूनच ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या, दुप्पट-तिप्पट वारंवारितेच्या लहरी सुटत असतील तर मात्र दोष रेडिओवाल्याचा, आणि ३० मेगाहर्ट्झचा लो-पास (त्याहून वरच्या लहरी अडवणारा) फिल्टर त्याने प्रक्षेपक आणि ट्यूनरच्या मध्ये घातलाच पाहिजे. शक्ती निम्मी केली आणि त्रास एकदम नाहीसा झाला, तर बहुधा शेजारचे उपकरण तीव्र लहरीने गुदमरते आहे. एखाद्या घरात प्रक्षेपण सुरू होताच आरसीसीबी पडत असेल तर लहर वायरिंगवर चढते आहे. अँटेना त्या भिंतीपासून ३ मीटरवरून १० मीटरवर नेणे हा फेराइटच्या पिशवीपेक्षा मोठा उपाय आहे.

द्राक्षपट्ट्यात, तासगावकडे, आणखी एक गोष्ट घडते. मांडवाचे अँगल आणि तारा यांचे गंजलेले सांधे डायोडसारखे वागतात. ७ मेगाहर्ट्झची लहर त्यांवर पडली की १४ ची आणि २१ ची तिथेच तयार होऊन पसरते. रेडिओतला कुठलाही फिल्टर इथे कामाचा नाही. सांधा घासून आवळावा, नाहीतर मध्ये इन्सुलेटर घालून पूर्ण तोडावा.

उलट बाजूची, म्हणजे घरात येणारी खरखर आता अधिक गंभीर आहे. रेडिओच्या एस-मीटरवर (लहरीचा जोर दाखवणाऱ्या मापकावर) एक अंक म्हणजे ६ डेसिबल, म्हणजे शक्तीची चौपट. खरखर एस-३ वरून एस-७ वर गेली की पूर्वीइतके ऐकू येण्यासाठी समोरच्याला २५६ पट शक्ती लागेल. पुराच्या काळात बॅटरीवर ५ वॅटने बोलणारा माणूस त्यात बुडून जातो. शोध असा घ्यावा: रेडिओ १२ व्होल्टच्या बॅटरीवर घ्यावा. ऐकण्यापुरता १ अँपियर लागतो, ७ अँपियर-तासाची छोटी बॅटरी पुरते. मग घराचा मेन स्विच पाडावा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करायला विसरू नये. मेन गेल्यावर तो सुरू होतो आणि आपण खरखर बाहेरची समजतो. आवाज गेला तर दोष घरात. एक-एक एमसीबी चढवत जावे, दोषी खोली लगेच कळते. पुढे एएम पट्ट्याचा बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर घेऊन बल्ब, चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांच्याजवळ जावे. रेग्युलेटरची घरघर बटण फिरवताच बदलते. फिल्टर नसलेला एलईडी बल्ब सुधारत बसू नये, बदलावा.

मेन पाडूनही आवाज राहिला तर त्याच्या वेळा वहीत लिहाव्यात. उजाडताच सुरू आणि मावळताच बंद, तर सौर इन्व्हर्टर. दर सेकंदाला एक ‘टक’, तर शेताच्या कुंपणाचे झटका मशीन. शंभर हर्ट्झची ओबडधोबड घरघर, कोरड्या वाऱ्यात वाढणारी आणि पाऊस पडताच थांबणारी, तर विजेच्या खांबावरचा सैल सांधा किंवा धुळकटलेला इन्सुलेटर. खांबाच्या बाबतीत ताण-तार हलवून किंवा खांबावर ठोकून पाहण्याचा मोह जीवघेणा आहे. खांबाचा क्रमांक, वेळ आणि हवामान लिहून वीज कंपनीला द्यावे. झटका मशीनमध्ये दोष बहुधा तारेला टेकलेल्या गवताचा किंवा तडकलेल्या इन्सुलेटरचा असतो. तिथे ठिणगी पडते आणि सबंध कुंपण अँटेना होते. ही दुरुस्ती शेतकऱ्याच्याही सोयीची, कारण ठिणगीत झटक्याचा जोरच निघून जातो आणि रानडुकरे आत येतात. या मशीनचा अर्थ घराच्या अर्थपासून किमान १० मीटर लांब हवा.

सौर पॅनेल बसवण्याआधीच सांगून ठेवले तर निम्मे काम होते. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या धन आणि ऋण तारा वेगवेगळ्या वाटेने नेल्या की मधली जागा मोठा लूप बनते, आणि इन्व्हर्टरची खरखर त्यातून बाहेर पडते. दोन्ही तारा एकाच पाइपातून, शक्य तर पीळ घालून न्याव्यात. इन्व्हर्टरलगत डीसी आणि एसी दोन्हीकडे चोक घालावा. दोन्ही तारा एकाच रिंगमधून एकत्र जायला हव्यात. पॅनेल जोडल्यावर त्या तारांवर काहीशे व्होल्ट डीसी असतो, म्हणून हे काम बसवणाऱ्यानेच करावे.

विजांबद्दल. वळवाच्या पावसात कोसळणारा झोत २० हजार अँपियरचाही असू शकतो. १० ओहमच्या खड्ड्यावर तो २ लाख व्होल्ट उभे करतो. रेडिओचा अर्थ वेगळा आणि घराचा वेगळा ठेवला, तर हा फरक दोन खड्ड्यांच्या मध्ये, म्हणजे रेडिओमधूनच, फुटतो. म्हणून ‘रेडिओला स्वतंत्र अर्थ’ ही पद्धत घातक आहे. खांबाची सळई, केबलच्या प्रवेशाची सळई आणि घराचा खड्डा जमिनीखालून ८ गेजच्या तारेने किंवा २५ × ३ मिमी पट्टीने एकमेकींना जोडलेच पाहिजेत. केबल भिंतीतून आत शिरते तिथे बाहेरच्या बाजूला तांब्याची प्लेट लावावी. त्यावर गॅस ट्यूबचे अरेस्टर (जादा दाब जमिनीकडे वळवणारे भाग) आणि केबलची जाळी एकत्र बांधावी. पट्टीला काटकोनात मोड देऊ नये, गोलाई ठेवावी. एवढे करूनही ढग दिसण्याआधी केबल सोडून बाहेरच्या प्लेटला जोडावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये. सोडलेले टोक काचेच्या बाटलीत घालून खोलीत ठेवण्याने संरक्षण मिळत नाही.

आणि पुराचे पाणी मीटर बोर्डापर्यंत चढलेल्या घरांसाठी: भिजलेले एमसीबी आणि आरसीसीबी उन्हात वाळवून परत वापरू नयेत. टेस्ट बटणावर पडले तरी आतल्या गाळाने ते पुढे कधी अडकतील सांगता येत नाही, नवेच घालावेत. खड्ड्यातला गाळ काढून सळईवरचा क्लॅम्प उघडावा, घासावा, पुन्हा आवळावा आणि मगच मेन चढवावा. त्या ओल्या जमिनीत टेस्टर जो आकडा दाखवेल तो झाकणावर लिहू नये. पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजून लिहावा.

आपला विश्वासू,
एक हौशी रेडिओ परवानाधारक,
विश्रामबाग, सांगली